ऋषीचं कूळ, नदीचं मूळ आणि तेलाचा थेंब

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं आपले पूर्वज सांगून गेले. पूर्वजांकडे मोटार नव्हती, नाहीतर या यादीत त्यांनी तिसरी बाब नक्की घातली असती. नदीचं मूळ निदान वरच्या अंगाला असणार एवढा तरी भरवसा असतो, आणि ऋषीचं कूळ विचारलं तर फार तर शाप मिळतो. मोटारीच्या इंजिनातून गळणारं तेल कुठून येतं हे शोधणाऱ्याला शापही मिळतात आणि बिलंही मिळतात. शिवाय रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस क्षणभर थांबून, "काही नाही हो, पॅकिंग गेलं असेल," असं सांगून पुढे जातो. ते 'काही नाही' ऐकताना गाडीखाली उताण्या पडलेल्या माणसाला काय वाटतं, हे तो उताणा असल्यामुळे कुणाला दिसत नाही.

माझ्या मामांनी हा शोध १९८४ साली भुईगावात लावला. मामा हायस्कुलात इतिहास शिकवत. त्यामुळे तेलाच्या थेंबालाही साधनं, पुरावे, प्रक्षिप्त भाग आणि वाद हे सगळं आपोआपच प्राप्त झालं. गाडी सेकंडहँड होती. तिची जात मी सांगणार नाही. तिच्या कारखानदाराबद्दल माझी काही तक्रार नाही, आणि या प्रकरणात त्याचा दोषही नव्हता.

भुईगाव वसईच्या पश्चिम पट्ट्यात, समुद्राला लागून आहे. तेव्हा जिल्हा ठाणे होता. पालघर जिल्हा झाला तो २०१४ साली. वसई रोडला उतरून एसटी धरायची, केळीच्या बागा आणि भाजीचे मळे मागे टाकत जायचं आणि सुरूची झाडं दिसायला लागली की पुढे समुद्र. या पट्ट्यातल्या जुन्या वाड्यांना बावखल असतं. बावखल म्हणजे तळं म्हटलं तर लहान आणि विहीर म्हटलं तर ऐसपैस असा पाण्याचा साठा. पावसाचं पाणी त्यात मुरतं, वाडीतल्या विहिरींना ते पुरवतं आणि उन्हाळ्यात त्यावरच भाजी आणि केळी जगतात. समुद्र हाकेच्या अंतरावर असल्यामुळे जमिनीखालच्या गोड्या पाण्याच्या तळाशी खारं पाणी टपलेलं असतं. वरचं गोडं पाणी कमी झालं की ते वर सरकतं. त्यामुळे जुना वसईकर बावखलाच्या बाबतीत हळवा असायचा. (पुढे यातली पुष्कळ बावखलं भर घालून बुजवली आणि त्यावर इमारती उभ्या राहिल्या. आता त्या इमारतींना पाणी टँकरनं येतं, पण तो वेगळा इतिहास आहे.)

मामांच्या अंगणाला उतार होता आणि उताराच्या टोकाला बावखल. बावखलाच्या पलीकडच्या काठावर शेजाऱ्यांचा डिझेलचा पंप. पाणी दोघांचं. त्या वर्षी हस्ताच्या पावसात, गणपती होऊन गेल्यावर, बावखलावर एके सकाळी इंद्रधनुष्य उगवलं. आकाशातलं इंद्रधनुष्य पाहून कवितेच्या ओळी सुचतात. पाण्यावरचं पाहून फक्त शेजारी सुचतो. मामा म्हणाले, "पंपाचं तेल." शेजारी म्हणाले, "मास्तरांच्या गाडीचं तेल." दोघंही आपापल्या काठावर उभं राहून हे म्हणाले. त्या दिवसापासून कुंपणावरून येणारी भाजी आणि कुंपणावरून जाणारं ताक बंद झालं. मामी म्हणाली, "तुमच्या त्या डबड्यापायी माझी दुध्याची सोय गेली." लढायांची तात्कालिक कारणं आणि मूळ कारणं वेगवेगळी असतात, हे मामा दरवर्षी नववीला शिकवत असत. मामीनं ते एका वाक्यात सांगितलं.

शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांनी एक आशेचा किरण दाखवला. साचलेल्या पाण्यावर असा तवंग नुसत्या तेलाचाच येतो असं नाही. पाण्यात लोह असलं तर काही जिवाणूंमुळेही येतो. ओळखायची खूण सोपी. काठीनं ढवळायचं. जिवाणूंचा तवंग असेल तर काचेसारखे तुकडे पडून वेगळे राहतात; तेल असेल तर काठी काढताच पुन्हा एकत्र येतं. मामांनी मोठ्या आशेनं काठी फिरवली. तवंग फाटला, क्षणभर थांबला आणि पुन्हा जुळून आला. इतकी एकी मामांनी वसईच्या कुठल्याच निवडणुकीत पाहिली नव्हती.

तेव्हा तेलच ते. आता कुणाचं, एवढाच प्रश्न उरला. मामा प्रामाणिक संशोधक होते, त्यामुळे त्यांनी आधी स्वतःचं दप्तर तपासायला घेतलं. गाडीखाली वर्तमानपत्रं पसरली. सकाळी बघतात तो अग्रलेखाच्या मधोमध रुपयाएवढा डाग, आणि त्यापासून छोट्या जाहिरातींपर्यंत थेंबांची रांग. थेंब किरकोळ दिसतो, पण हिशेब मांडून पाहा. मिनिटाला एक थेंब धरला तर दिवसाचे १४४० होतात, आणि मिलिलिटरला साधारण वीस थेंब धरले तर ते भरतात ७२ मिलिलिटर. महिन्याचे दोन लिटरच्या वर. मामांची गाडी इतकी उदार नव्हती, पण पाण्यावर रंग उमटवायला फार लागतच नाही. तेल इतकं पातळ पसरतं की चमचाभरातही मोठं तळं रंगून निघतं.

आता खरी अडचण सुरू होते. डाग कुठे पडला हे कळलं म्हणजे तेल कुठून निघालं हे कळलं, असं आपल्याला वाटतं. पण इंजिनात वर कुठे पाझर फुटला की तेल खाली उतरतं, नटबोल्टांच्या डोक्यांवरून वळसे घेतं, कडेकडेनं चालत जातं, गाडी धावत असेल तर वाऱ्यानं मागे ढकललं जातं आणि शेवटी सगळ्यात खालच्या टोकाला जाऊन लोंबतं. ते टोक बहुधा इंजिनाच्या खालच्या, तेल साठवणाऱ्या चेंबरचं किंवा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याचं असतं. तिथून थेंब पडतो, आणि बदनाम होतो तो सांधा. म्हणून पहिल्या मिस्त्रीनं चेंबरच्या बुचाचा तांब्याचा वायसर बदलला. दुसऱ्यानं चेंबर उतरवून पॅकिंग बदललं. तेल आपलं गळतंच होतं.

इथं पॅकिंगचं थोडं कूळ सांगितलं पाहिजे. त्या काळच्या गाड्यांना ठिकठिकाणी बुचाच्या झाडाचं, म्हणजे कॉर्कचं पॅकिंग असे. आपण ज्याला बुचाचं झाड म्हणतो ते सुवासिक पांढऱ्या फुलांचं नव्हे. हा एक ओक. साधारण नऊ वर्षांनी एकदा त्याची साल सोलून काढतात, आणि जगात सगळ्यात जास्त कॉर्क पिकवणारा देश आहे पोर्तुगाल. हे कळल्यावर मामा गाडीखालून बाहेर आले. बहादूरशाहानं १५३४ साली वसई पोर्तुगीजांना दिली, चिमाजीअप्पांनी १७३९च्या मे महिन्यात ती परत घेतली. सेंट सेबास्टियन बुरुजाखाली सुरुंग उडवून तट फोडला तेव्हा पोर्तुगीज शरण आले. आणि दोनशे पंचेचाळीस वर्षांनी एका मास्तराच्या टॅपेट कव्हरखाली बहुधा त्यांच्याच देशातल्या झाडाची साल दडून बसलेली! "गेले म्हणतात, पण पुरते गेलेले नाहीत," मामा म्हणाले. त्यांनी तेही कॉर्क बदलायला लावलं. यात देशभक्तीचा भाग किती आणि गळतीचा किती, हे मी विचारलं नाही.

गळती ही यंत्रांइतकीच जुनी आहे. जेम्स वॅटला वाफेच्या इंजिनाची कल्पना सुचायला वेळ लागला नाही. वाफ सिलिंडरात कोंडून ठेवायला मात्र वर्षं गेली. दट्ट्याभोवती तो चरबीत भिजवलेल्या तागाची वेटोळी बसवत असे आणि तरीही वाफ बाजूनं निसटे, कारण सिलिंडरच वाकडेतिकडे. १७७५च्या सुमाराला जॉन विल्किन्सननं सिलिंडर नीट कोरून दिले तेव्हा कुठे वॅटचं इंजिन धंद्याला लागलं. त्याच १७७५ साली आपले राघोबादादा सुरतेला इंग्रजांशी तह करून वसई आणि साष्टी त्यांना द्यायचं कबूल करत होते. तिकडे गळती थांबत होती आणि इकडे लागत होती, असं मामांनी त्या वर्षी नववीला सांगितलं म्हणतात.

मोटारीत जास्त कठीण जागा फिरणाऱ्या दांड्याची. दोन स्थिर पत्र्यांमध्ये काहीही दाबून बसवता येतं. पण क्रँकशाफ्ट इंजिनाच्या पोटातून बाहेर येतो, मिनिटाला हजारो फेरे घेतो, आणि त्याच्याभोवतीनं तेल मात्र येता कामा नये. यावर इंग्रजांनी एक फार इंग्रजी तोडगा काढला होता. आपल्याकडची अँबॅसॅडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. १९५७ ते २०१४ ती बंगालात उत्तरपाऱ्याला तयार होत राहिली. तिच्या जुन्या पेट्रोल इंजिनात क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला सीलच नव्हतं. दांड्यावरच उलटे आटे पाडलेले. दांडा फिरला की आटे बाहेर येणाऱ्या तेलाला स्क्रूसारखं परत आत ढकलतात. कल्पना सुंदर आहे. फक्त इंजिन बंद केलं की आटेही थांबतात, आणि उरलंसुरलं तेल सावकाश बाहेर येतं. म्हणजे पहारेकरी ठेवला आहे, पण घरातले जागे आहेत तोवरच तो जागा राहतो. दुसऱ्या काही इंजिनांत शिसपेन्सिलीतलं काळं ग्रॅफाइट लावलेली दोरी असे. जर्मनीत वाइनहाइमच्या फ्रॉइडेनबर्ग या चामडं कमावणाऱ्या कारखान्यानं १९२९च्या मंदीत चामड्याला नवं गिऱ्हाईक शोधताना चामड्याच्या ओठाची कडी बनवली. वाल्टर झिमर या इंजिनिअरच्या नावावरून ती झिमररिंग झाली. १९३६ साली चामडं जाऊन कृत्रिम रबर आलं, आणि आज ज्याला आपला मिस्त्री 'ऑइल सील' म्हणतो ती वस्तू जन्माला आली. अमेरिकेत साध्या रबरी 'ओ रिंग'चं पेटंट १९३९ साली मिळालं ते नील्स क्रिस्टेन्सन नावाच्या, जन्मानं डॅनिश आणि वयानं सत्तरी उलटलेल्या गृहस्थाला.

रबराची कडी ही काय वस्तू आहे, असं म्हणू नका. २८ जानेवारी १९८६ला अमेरिकेचं 'चॅलेंजर' यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं आणि सात माणसं गेली, ती एका सांध्यातली रबरी कडी थंडीनं ताठरल्यामुळे. चौकशीच्या वेळी रिचर्ड फाइनमननं त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात बुडवला. बाहेर काढल्यावर तो लगेच पूर्वस्थितीला येईना. एवढ्या मोठ्या प्रकरणाचा उलगडा टेबलावरच्या पेल्यात झाला. मामांना ही बातमी वाचून फार आनंद झाला होता, आनंद शब्द बरोबर नाही, पण "पाहिलंस? त्यांच्याकडेही पहिल्या दिवशी कुणी म्हणालं असेल, काही नाही, पॅकिंग गेलं असेल," असं ते म्हणाले आणि बराच वेळ गप्प बसले.

हे सगळं नंतरचं. १९८४च्या ऑक्टोबरात तिसऱ्या मिस्त्रीनं निदान केलं की मागचं सील गेलं. गिअरबॉक्स उतरवायचा, क्लच काढायचा, फ्लायव्हील काढायचं आणि मग हातभर खर्चाच्या मागे दडलेली ती बोटभर वस्तू बदलायची. ते झालं. चार दिवस कोरडे गेले. पाचव्या दिवशी अग्रलेखावर पुन्हा रुपया. चौथ्या मिस्त्रीनं गाडीकडे न बघताच सांगितलं, "रिंगा गेल्या. बोअर करा." बोअर करायचा खर्च ऐकून मामी म्हणाली की त्यापेक्षा नवीन बावखल खणू.

मामांनी मग साधनांची चिकित्सा नव्यानं सुरू केली. रॉकेलनं सगळं इंजिन धुतलं, पुसलं, वाळवलं आणि त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवली. ही पद्धत उत्तम आहे. कोरड्या पांढऱ्या पावडरीवर तेलाची ओली वाट स्पष्ट दिसते. (हल्ली तेलात चमकणारा रंग मिसळून निळसर दिव्याखाली पाहतात, तत्त्व तेच.) पावडर मामीची होती. डबा नवीन होता. तो उल्लेख इथंच सोडतो. पावडरीवर उमटलं ते पाहून मामा चक्रावले. एक वाट नव्हे, चार वाटा. टॅपेट कव्हरखालून एक, पुढच्या सीलमधून एक, मागून एक, आणि तेलाची पातळी बघायच्या काडीच्या भोकातून एक. परवा बदललेली पॅकिंगं आणि दहा वर्षांची जुनी पॅकिंगं एकाच वेळी, एकाच मनानं गळत होती. शिवाय मामांच्या वहीत एक नोंद होती, जिच्याकडे चारही मिस्त्रींनी लक्ष दिलं नव्हतं: इंजिन चालू असताना तेल जास्त येतं, बंद केल्यावर थोडं ठिबकतं आणि थांबतं. मामा रोज सकाळी इंजिन तापवायला म्हणून गाडी अंगणातच पाव तास चालू ठेवत, आणि डाग पडायचा तो तेवढ्यातच.

त्या सकाळी शेजारी कुंपणापाशी आले. महिनाभराच्या अबोल्यानंतर ते आले होते ते सलोख्याला नव्हे. आपल्या पंपाखाली ठेवलेला स्वच्छ कोरडा पुठ्ठा दाखवायला आले होते. म्हणजे तिकडेही संशोधन चालू होतं! पुठ्ठा दाखवून झाला, मामांनी तो पाहिला, आणि आता कुणी काय बोलायचं ते दोघांनाही कळेना. गाडी चालू होती, म्हणून शेजाऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाले, "मास्तर, तेल ओतायचं झाकण काढा बघू."

"चालू गाडीत?"

"काढा तर."

मामांनी झाकण सैल केलं तशी आतून फुस्स करून हवा आली. कुणीतरी बराच वेळ दाबून धरलेला उसासा सोडावा तशी. आणि काडीच्या भोकापाशी फुगत असलेला तेलाचा बुडबुडा बसला. शेजारी म्हणाले, "गळत नाहीय ते. कोंडलंय. नाक कुठं आहे हिचं?"

आयुष्यभर डिझेलच्या पंपाशी झटलेल्या माणसाला जे कळलं ते चार गॅरेजांना कळलं नव्हतं. इंजिन कितीही चांगलं असलं तरी सिलिंडरात स्फोट झालेल्या वायूपैकी थोडा दट्ट्याच्या रिंगांना चुकवून खाली चेंबरमध्ये उतरतोच. त्याला बाहेर जायला वाट ठेवावी लागते. जुन्या गाड्यांत ही वाट म्हणजे इंजिनाच्या कुशीतून खाली रस्त्याकडे सोडलेली एक उघडी नळी, म्हणजे ब्रीदर. शिवाय तेल ओतायच्या झाकणाला एक जाळी असते. ही नळी सगळा वायू हवेत सोडते, म्हणून कॅलिफोर्नियातल्या १९६१च्या गाड्यांपासून तो वायू परत इंजिनातच जाळायची व्यवस्था आली. मोटारीच्या प्रदूषणावरचा तो पहिला इलाज. मामांची गाडी मात्र जुन्या वळणाची होती. वाट बंद झाली की आत दाब वाढतो, आणि दाबाला सील नवं की जुनं याच्याशी कर्तव्य नसतं. जिथं सापडेल तिथून तो तेलासकट बाहेर पडतो. झाकणाची जाळी तर काजळीनं फार पूर्वीच, आधीच्या मालकाच्या काळात, मिटली होती.

मामा आणि शेजारी दोघंही गाडीखाली गेले. बाहेर चार पाय दिसत होते, दोन चपलांसह आणि दोन विना. नळीच्या तोंडात काडी घातली. ती दोन इंचांवर अडली. टोकरल्यावर खळकन माती पडली. मातीबरोबर पडले सहा-सात कोळी, जिवंत नव्हेत आणि मेलेलेही नव्हेत असे.

कुंभारीण माशीचं घर! ही माशी ओल्या मातीच्या गोळ्या तोंडात धरून आणते, खोल्या बांधते, कोळ्यांना नांगी मारून लुळं करते, खोलीत भरते, त्यावर अंडं घालते आणि दार लिंपून जाते. पिल्लाला जन्मल्याबरोबर ताजं जेवण. तयार नळी मिळाली तर भिंतींची मेहनत वाचते. आषाढ-श्रावणात वाडीतला रस्ता चिखलाचा, त्यामुळे गाडी दोन महिने जागची हललेली नव्हती. इतकं शांत, कोरडं, पेन्सिलीएवढ्या अंधाराचं घर माशीला दुसरीकडे कुठं मिळणार? हा माशीचा स्वभाव पुढे जगाला भलताच महाग पडला असावा. ६ फेब्रुवारी १९९६ला डोमिनिकन प्रजासत्ताकातून उडालेलं बर्गनएअरचं बोइंग विमान समुद्रात कोसळलं आणि १८९ माणसं गेली. ते विमान काही आठवडे उभं होतं आणि त्याची वेग मोजणारी नळी बहुधा अशाच माशीच्या घरानं बुजली होती, असा तर्क तपासात निघाला.

ओल्या मातीसाठी माशी कुठं जात असेल, हे शोधायला मामांना फार लांब जावं लागलं नाही. अंगणातून बावखलाकडे बघितलं की पुरे. काठावरचा तो गुळगुळीत करडा चिखल आणि नळीतून पडलेली माती, दोन्ही तळहातांवर घेऊन त्यांनी शेजाऱ्यांना दाखवली. "दादा," मामा म्हणाले, "तेल आमचंच होतं." शेजारी म्हणाले, "माती दोघांची होती." आणि मामीनं आतून विचारलं, चहा किती कप टाकू.

त्यानंतर दोन संध्याकाळी दोघांनी मिळून भाताच्या पेंढ्याचा लांब वेठ वळला आणि त्याची दोन टोकं दोन काठांवर धरून तो पाण्यावरून सावकाश ओढला. पेंढा तेल पिऊन घेतो. अंगणातली काळी झालेली माती खरवडून, भुसा मिसळून, लांब नेऊन टाकली. दिवाळीला मी गेलो तेव्हा बावखलात पुन्हा नुसतं आकाश होतं, कुंपणावर दुधी होता, आणि चार मिस्त्रींची चार बिलं मामांनी 'अप्रकाशित साधनं' असं लिहिलेल्या फायलीत लावून ठेवली होती.

नळीच्या तोंडाला मामांनी चहाच्या गाळणीची बारीक जाळी बांधली, वायू जाईल पण माशी शिरणार नाही अशी. पुढच्या श्रावणात माशी आली, जाळीपाशी जरा घुटमळली, आणि गाडीच्या उजव्या दाराच्या किल्लीच्या भोकात राहायला गेली. पिल्लं बाहेर पडेपर्यंत मामा डाव्या दारानं शिरत आणि पुढच्या लांब सीटवरून धोतर सावरत, सरकत सरकत स्टिअरिंगपाशी जाऊन बसत.